गाडी धरायला नको

९ नोव्हेंबर, रविवार

परत मोटारसायकलची चेन उतरली! वांगी घेऊन आदिलाबादला निघालेले हे, तामसीहूनच गाडी ढकलत परत आले. नवा चेन-सेट घरीच बसवणार. म्हणजे मागचं चाक काढणार. म्हणजे गाडी मी धरणार.

डबल स्टँड यांनी कधीच काढून टाकलाय — माल लादला की रस्त्यावरच्या ब्रेकरला घासतो म्हणून. तेव्हापासून डबल स्टँड मीच. साइड स्टँडवर गाडी कलती करायची, मागचं चाक जमिनीपासून सुटलं की तसाच तोल धरून उभं राहायचं, यांचं होईपर्यंत. खांदे भरून येतात, ओटीपोटात ओढ बसते.

या वेळी नाही. दुसरा महिना चाललाय. कोणालाच सांगितलेलं नाही. मागच्या वेळी आनंदाच्या भरात घरभर सांगून टाकलं आणि काही दिवसांत सगळं संपलं. आपल्याकडे तिसरा सरल्याशिवाय बोलत नाहीत, ते उगाच नसावं. या वेळी तोंडाला कुलूप.

१० नोव्हेंबर

मोठा पाना सापडत नाही! त्याच्याशिवाय चाक निघत नाही. यांनी घर उलथंपालथं केलं. सासूबाई माझ्यावरच घसरल्या — "एक वस्तू जाग्यावर ठेवता येत नाई तुले." मी हातसुद्धा लावला नव्हता. पण पाना नाही तर काम नाही. आजचं टळलं.

११ नोव्हेंबर

सासूबाईंचं काय बिनसलंय कळत नाही. नळावर गेले तर हातातली कळशी ओढून घेतली. म्हणे तू अर्धं पाणी वाटेतच सांडतेस. वेचणीला निघाले तर म्हणाल्या, तुझ्या कापसात कचराच फार येतो, घरी राहा. ज्वारीच्या कोठीत वाकून हात घालायचा तर तेही त्याच करणार. सगळं चारचौघींसमोर! मान वर करवत नाही. दुपारी रडू आलं. आईला फोन लावला आणि भाजीचे भाव विचारून ठेवून दिला.

१३ नोव्हेंबर

शेजारच्या उद्धवरावांचा पाना आणला यांनी. झालं! लगेच "धर जरा". मनगट लचकलंय म्हटलं. "सकाळी तं भाकरी थापून राह्यली होती," म्हणाले. खोटं तरी किती बोलायचं?

मग मीच सुचवलं — इंजिनखाली कापसाचं गाठोडं ठेवा. घरात कापूस छतापर्यंत रचलाय, गल्लीतली पोरं त्यावर उड्या मारतात तरी काही होत नाही. यांना पटलं. पायाने तुडवून तुडवून घट्ट केलं, उद्धवरावांनी हात दिला, गाडी वर बसली. मस्त! हलवून पाहिली तरी हलेना. तेवढ्यात अंधार पडला, बाकीचं उद्या. आज मला कित्येक दिवसांनी भूक लागली.

१४ नोव्हेंबर

मूर्ख मी, मूर्ख! कापूस तो कापूसच. रात्रभरात आतल्या आत दबला होता, वरून कळलंच नाही. चाक निघालं, हे खाली बसून चेनची नवी दातेरी चक्री बसवत होते, आणि गाडी कलली ती थेट यांच्या पायावर. मी विचारच केला नाही. सीटमागची कडी धरली आणि गाडी उचलली. हे पाय ओढून घेईपर्यंत धरून ठेवली.

सासूबाई धावत आल्या. स्वतःच्या पोराकडे पाहिलंही नाही, माझ्यावरच ओरडल्या — "सोड! तू सोड आधी!" मला बाजूला सारून आपला खांदा लावला. एवढं करूनही चुकलं माझंच. यांची नडगी सोलली, बाकी काही नाही.

संध्याकाळी — पोटात दुखतंय. लिहवत नाही.

१५ नोव्हेंबर

डाग दिसला.

यांना सांगून टाकलं. म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं? मी तुले गाडी धराले लावून राह्यलो."

बसने आदिलाबादला निघालोय. सासूबाईंना सांगितलं, यांचा पाय दाखवायचाय. बस वळेपर्यंत दारातच उभ्या होत्या.

१६ नोव्हेंबर

ठोके आहेत! काल डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला, त्यावर काही तरी लुकलुकत होतं. हे भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. चार दिवस आराम करा म्हणाल्या, आणि वजन उचलायचं नाही.

आज यांनी माळ्यावरून गंजलेला डबल स्टँड काढला, घासला, उद्धवरावांना हाताशी घेऊन बसवला. घासू दे ब्रेकरला, म्हणाले. मग चाक चढवून, स्टँडवर पाय देऊन एकट्याने गाडी उभी केली. मी बाजेवरूनच पाहिलं. अजून धाकधूक आहेच, पण आज झोप लागेल असं वाटतं.

२० नोव्हेंबर

सासूबाई वेचणीला गेल्यात. भाकरीपुरती ज्वारी काढावी म्हणून कोठीत हात घातला तर आत काही तरी टणक लागलं. मोठा पाना! त्यांच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला.

म्हणजे कळशीसुद्धा. वेचणीसुद्धा.

पाना परत तसाच आत सारला. तिसरा सरायचाय अजून.