काठवटीतली कुट्टी

आत्याबाई, आज सकाळी नातसुनेने माळ्यावरून तुमची लाकडी काठवट खाली काढली. तिला ती बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगायची आहे म्हणे, शोभेला. पुसता पुसता तिने विचारलं, कडेचा हा टवका कशाने उडाला? मी म्हटलं, गाईच्या शिंगाने. ती हसली. म्हातारी थट्टा करतेय असं वाटलं तिला. भाकरीचं पीठ ज्यात मळायचं त्यात गाईचं शिंग कशाला जाईल? सगळं सांगायला बसले असते, पण तिची कंपनीची बस यायची वेळ झाली होती. मग म्हटलं, ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच लिहावं. सासूला पत्र लिहिणारी सून तुम्ही तरी कधी पाहिली होती का?

ती गाय माझ्या आंदणातली. माझ्या लग्नात वडिलांनी तिचं दावं मामंजींच्या हातात दिलं आणि गाडीमागे बांधून ती माझ्याबरोबरच चिखलीला आली. वर्षही झालं नव्हतं मला येऊन. तोवर तुमचं-माझं बोलणं म्हणजे मीठ संपलंय, पाणी भरलं का, सरपण वाळलं का, एवढंच. तुमचा धाक होता असंही नाही. तुम्हाला बोलायला सवड नसायची आणि मला विषय सुचायचा नाही. गाय व्याली, कालवड झाली, आणि तुमच्या अंगात कुठून उत्साह संचारला देव जाणे. चीक आळीत वाटायची रीत होती. तुम्ही ठरवलं, गावभर वाटायचा. सुनेची गाय कशी दुधाची आहे ते कळू दे सगळ्यांना, असं म्हणत तुम्ही कासेशी बसलात. मी भांडं धरलं होतं. कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबेपर्यंत तुम्ही पिळत राहिलात. मग घरोघर तांबे गेले, आणि त्या दिवशी गावात घरटी खरवस झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय बसलेली. मान पोटाकडे वळवलेली, कान गार, डोळे कुठेतरीच. शेपटी पिळली, पाणी मारलं, पण ती जागची हलेना. घरधनी सायकलवर पिंपरीला गेले होते, तिकडे तेव्हा कारखान्याच्या इमारतीचं काम चालू होतं. मामंजी चालत चाकणला गेले, तर गुरांचे डॉक्टर कुठल्याशा लांबच्या गावी गेलेले. ते आले दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात बायका चिकाचे तांबे परत करायला येत होत्या. रिकामं भांडं देऊ नये म्हणून प्रत्येक तांब्यात मूठभर दाणे, आणि दाण्यांबरोबर एकेक बोल. तुमच्या धाकट्या जावेने तर गोठ्याच्या दारात उभं राहून सगळ्यांदेखत म्हटलं, "आंदणाची गाय बसली. पोरीचा पायगुण बघा." तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमच्या गप्प राहण्याला मी इतकी घाबरले की मला त्या बाईचा रागही आला नाही. गाय मेली असती तर ते बोलणं मला जन्मभर चिकटलं असतं.

डॉक्टरांनी सायकल भिंतीला लावली, गाईला हात लावून पाहिला आणि बाटलीतलं औषध सुईने मानेच्या शिरेत सोडलं. मग सहज विचारलं, व्याल्यावर दूध किती काढलं? गोठ्यात मामंजी होते, तुमची ती जाऊ होती, शेजारचे बाप्ये होते. तुम्ही डोक्यावरचा पदर नीट केलात आणि म्हणालात, "म्या पिळली. पार कोरडी केली. गावभर चीक वाटायचा व्हता मला." मग जावेकडे वळलात. "पोरीच्या पायगुणाला बोल न्हाई लावायचा. माझ्या हाताला लावा."

चार पुरुषांसमोर त्या काळी बाई असं बोलत नसे. डॉक्टर भले होते. ते म्हणाले, पुष्कळ लोक हेच करतात, चिकातून गाईच्या अंगातला चुना निघून जातो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस कास सगळी रिकामी करू नये, एवढंच. औषधाने गाईने मान उचलली, ती तोंड हलवायला लागली. पण एका कुशीवर फार वेळ पडून राहिल्याने मागच्या पायांत जीव राहिला नव्हता. कूस बदलत राहा, नाहीतर पाय कायमचे जातील, असं सांगून ते गेले. मामंजींनी मान हलवली. बसलेलं जनावर उठत नाही, असंच सगळ्यांचं मत होतं.

त्यानंतरचा आठवडा मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही शेतावर जाणं बंद केलंत. गोणपाटांत भुसा भरून आपण तिच्या कुशीला टेकू देतो, दोरी पायांखालून घालून तिला उलटवतो, तुम्ही मानेशी, मी पाठीशी. विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून पाय शेकतो. पडल्या पडल्या तिला कडब्याची लांब ताटं चाववत नव्हती. घरात चाकाचं कडबाकुट्टीचं यंत्र नवीनच आलं होतं, मामंजींनी पुण्याहून आणलेलं, आणि बायकांनी त्याला हात लावायचा नाही असा हुकूम होता. तुम्ही हुकमाला विचारलंही नाहीत. बांगड्यांवर कोपरापर्यंत चिंधी गुंडाळलीत आणि यंत्राच्या तोंडाशी बसलात. म्हणालात, "चाक तू फिरव. पात्यापुढं मी बसते. हात गेला तर माझा जाऊ दे, तुला अजून लई भाकऱ्या थापायच्यात." मामंजी दारातून पाहून गेले. संध्याकाळी मात्र कानस घेऊन बसले आणि पाती घासून दिली.

कुट्टी झाली, पण द्यायची कशात? गव्हाण उंच. पाटी ठेवली की ती मान मारून उलटवायची. तेव्हा तुम्ही चुलीपाशी गेलात आणि ही काठवट उचलून आणलीत. जड, पसरट, हलणार नाही अशी. मामंजी म्हणाले, आता पीठ कशात मळणार? तुम्ही म्हणालात, परातीत. आठवडाभर माझ्या भाकऱ्या कडेने चिरत होत्या आणि सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

गाय खात असायची आणि आपण दोघी त्या भुशाच्या गोण्यांना टेकून बसायचो. तेव्हा तुम्ही सांगितलंत, तुमच्या लग्नानंतर महिन्याभरात या घरातला बैल गेला होता. कितीतरी दिवस तुम्हाला कुणी गोठ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. हे तुम्ही अगदी साध्या आवाजात सांगितलंत, हातातली कुट्टी चाळवत. मग विचारलंत, तुला माहेरी कुठली भाजी आवडायची? त्या घरात मला हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मला रडू आलं, आणि मी चाकाला तेल घालायचं निमित्त करून उठले.

मग एका सकाळी आळीतले लोक बांबू घेऊन आले. पोटाखालून गोणपाट घातलं, हाकारा झाला, आणि गाय उठली. पाय फाकवून, थरथरत, पण उभी. धडपडताना तिचं शिंग काठवटीवर आपटलं, तोच हा टवका. कालवड धावत कासेला लागली. तुमची जाऊही डोळे पुसत होती. तुम्ही गाईच्या पाठीवर कपाळ टेकवून उभ्या राहिलात.

आता गोठ्याच्या जागी गाड्या लावतात. यंत्र भंगारात गेलं. आणि तुम्हाला कुठे वाचता येत होतं? तुमच्या भावाची पत्रं मीच वाचून दाखवायचे. हेही मलाच वर येऊन वाचावं लागेल, आणि त्याला आता फार दिवस नाहीत. तोवर घडी करून काठवटीच्या मागे खोचून ठेवते.

एक मात्र आत्ताच सांगते, तिथे तुमच्या तोंडावर जमेल न जमेल. गाय उभी राहिली तेव्हा सगळे हसत होते, मीही हसले. पण दुपारी तुम्ही काठवट राखेने घासून चुलीपाशी ठेवलीत, खुरपं घेतलंत आणि शेताकडे निघालात, तेव्हा गाय अंगणात उन्हाला बांधलेली होती आणि मी मोकळ्या गोठ्यात त्या गोण्यांना टेकून एकटीच बसले. मनात आलं, गाय अजून दोन दिवस बसून राहिली असती तर काय बिघडलं असतं.