पाचवं दार

प्रिय ऋतिका,

तुझ्या नवऱ्याचा, किशनचा, काल फोन आलता. म्हणाला, आज्जी, ती दार लावून बसतीया, कुणी येऊ नका, जरा एकटं राहू दे तिला. एकटं राहू दे म्हणे! लोणच्याची बरणी हायस व्हय तू, मुरत ठेवायला? सातव्या महिन्यात पोटातलं लेकरू गेलं तुझं, आणि हा शहाणा तिकडं हिंडलग्याच्या घरात दाराबाहेर पेपर वाचत बसलाय. नातजावयाला नावं ठेवू नयेत, पण ठेवली.

इकडं वडगावात बरं आहे. तुझे आजोबा हातमागाशी बोलतात, माझ्याशी न्हाय. खडेबाजारात तुझी मामी भेटली. चार माणसांत तुझ्यासाठी कोरड्या डोळ्यांनी रडली आणि लगेच चपलांचा भाव विचारायला लागली. असली माणसं तुला नको वाटत असतील तर बरोबर आहे. मलाबी नको वाटतात.

पण सगळीच नको म्हणून कडी घालणं मी करून बघितलंय. तुझ्या बापाच्या आधी मला एक पोरगी झालती. दुर्गी. रांगायला लागलेली, तापानं गेली. घरात तिचं नाव कुणी घेत न्हाय, म्हणून तुला ठाऊक न्हाय. मी देवीचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि आत बसून राहिले.

एका शुक्रवारी शेजारची जयाबाई परडी घेऊन दारात आली. नळावरच्या भांडणापासून आमचं बोलणं बंद होतं. तिचा आवाज म्हणजे तेल न घातलेला माग. जोगवा वाढा म्हणून वरडत सुटली. जोगवा पाच दारांचा असतो, एका दारानं परत फिरवलं की सगळा मोडतो, म्हणून कडी काढली. कोंबड्यांना टाकावे तसे मूठभर जोंधळे परडीत टाकले. पण ही हलायला तयार न्हाय. अगं अंबू, तोंड बघ तुझं, वाळल्या गवारीगत झालंय, म्हणत सरळ चुलीपुढं बसली आणि भाकरी थापली. जाड, कच्ची, म्हशीनं फिरून बघितली नसती. थापता थापता म्हणाली, दुर्गी हसायची कशी गं, मी कधी बघितलंच न्हाय. तोवर मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी सांगितलं, आणि ती भाकरी रागारागानं सगळी खाल्ली.

पुढच्या शुक्रवारी परत हजर. मग मीच तिच्याबरोबर जोगव्याला निघाले, तिचं गाणं सुधारावं म्हणून. अजून सुधारलं न्हाय. फोटो तेवढा सरळ केला. सगळ्या वडगावातनं माझ्या दारात हीच बया धाडायची, एवढी खोडी देवीशिवाय कुणाला सुचणार?

फोन तू उचलत न्हाईस, म्हणून लिहितेय. तुझ्या नावानं मी जोगवा बोललेय. ह्या शुक्रवारी मी आणि जयाबाई निघणार. चार दारं वडगावातली आणि पाचवं तुझं. केस विंचरू नकोस, बोलूबी नकोस. कडी काढ आणि मूठभर धान्य घाल. पाचही घरचं तुझ्याच गॅसवर शिजवू, किशनलाबी पेपर ठेवून जेवायला बसवू. लेकराचं नाव काय ठरवलं होतंस ते मला ऐकायचंय, तुला सांगावं वाटलं तर. भाकरी मात्र मी करणार. जयाबाईला चुलीकडं फिरकू द्यायची न्हाय.

दारात वाट बघणारी, तुझीच
अंबुआज्जी