कागदावरचा फटाका

आळेफाटा,
भाद्रपद वद्य तृतीया

प्रिय पारस,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, त्यावरून कसलीही समजूत करून घेऊ नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर तू बोलतोस आणि मी 'हो, हो' म्हणते, हे चाळीस वर्षं चाललंय. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला.

इकडे ठीक आहे. दाजींचा खोकला हायवेच्या धुळीने हटत नाही, तुझी भाची जागृती परीक्षेत गुंतली आहे. एवढी खुशाली पुरे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेबद्दल लिहायचंय. मी माहेरी आले होते आणि बायकांच्या रांगेत मागे बसले होते, हे तू पाहिलंस. तरीही बोललास, याचं मला अजून नवल वाटतं.

रत्नदीपने मांडलेला ठराव साधा होता. वरातीत, मिरवणुकीत, वाढदिवसाला बंदूक आणायची नाही. आणि निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तशा लग्नसराईतही व्हाव्यात, अशी गावाने कलेक्टरांकडे मागणी करायची. पोराने लिहून आणलं होतं. तू उठलास आणि म्हणालास, "बिबट्या काय ठराव वाचून उसात शिरतो का राव?" सभा हसली. तुझा तो गोरख तर मांडीवर थाप मारून हसला. मग तू दरोड्याचं काढलंस, परवाना सरकारने दिलाय म्हणालास, शहरात शिकलेल्या पोरांनी गावाला शिकवू नये म्हणालास. अरे, बिबट्यावर आपल्या मर्जीने गोळी झाडता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गेल्या वर्षी तो खताच्या गोदामामागे आला, तेव्हा तू शटर ओढून आत बसलास आणि वन खात्याच्या पिंजऱ्याची वाट पाहिलीस. शहाणपणाचंच केलंस. पण मग ती बंदूक कशासाठी, हे मला सांग.

बापूजींनी ती घेतली दुकान फुटलं त्या वर्षी. जैनाच्या घरात बंदूक म्हणून बाई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. सूर्य मावळल्यावर न जेवणारी, पाणी गाळून पिणारी आपली आई. बापूजींनी ती कपाटात ठेवली, किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली, आणि मरेपर्यंत एक बार काढला नाही. त्यांच्या मागे परवाना तू तुझ्या नावावर करून घेतलास आणि पहिल्याच वर्षी त्या बंदुकीसोबत फोटो काढून सगळ्यांना पाठवलेस. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. धाकटा भाऊ, हौस आहे, करू दे, असं म्हणत बसले. नसते लाड केले.

आणि मग सभेत तू ते विचारलंस. "आपल्या लोणीत आजवर कुणाला बंदुकीचं काही लागलंय का? लागलं असेल त्यानं हात वर करावा." पुढच्याच रांगेत द्रौपदा बसली होती, काळा चष्मा लावून. तिने हात वर केला नाही. शेजारी तिचा नवरा सोपान पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. गावाला सगळं ठाऊक आहे पारस, फक्त कागदाला ठाऊक नाही. कल्पेशच्या वरातीत तू दोन बार वर काढलेस, पुन्हा काडतुसं भरलीस, आणि तिसऱ्याला जनरेटरच्या वायरीत तुझा पाय अडकला. द्रौपदा ओट्यावर उभी राहून नवरदेव बघत होती. तुझा मुलगा तिच्या अंगाखांद्यावर वाढला, म्हणून नवी साडी नेसून आली होती. चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसलेली, माहेर आणि सासर दोन्ही लोणीतच असलेली माझी मैत्रीण. तिचा उजवा डोळा गेला.

तिच्या गप्प बसण्याला तू तुझा वचक समजतोस. तो वचक नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'आतषबाजीचा फटाका लागला' असं मीच सांगितलं. छर्रे दिसत असताना त्यांनी ते का लिहून घेतलं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. मग स्ट्रेचरजवळ वाकून मी द्रौपदाला म्हणाले, माझ्या गळ्याची शपथ आहे, कल्पेशच्या अंगाची हळद निघाली नाही, आज पोलीस नकोत. रक्ताने तोंड भरलेलं असताना तिने मान हलवली. 'आज' म्हणाले होते मी. पाच महिने झाले. ती शपथ पाळत बसली आणि त्या जोरावर तू सभेत हात मोजलेस. तुझी मला शिसारी आली, आणि माझी त्याहून जास्त.

आता हे आज का लिहिते आहे ते सांगते. संवत्सरीला, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायच्या दिवशी, तू सगळ्यांना पाठवलास तोच 'मिच्छामि दुक्कडम्' द्रौपदालाही पाठवलास, कमळाचं चित्र आणि खाली दुकानाचं नाव. काल मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "सिद्धे, माफी कशाची मागतोय, त्ये यात न्हाई लिव्हलेलं. तू वाच बरं, मला एका डोळ्यानं नीट दिसत नाय." तिला खरंच वाटत होतं की तिच्याकडूनच वाचायचं राहिलं असेल. मी तिथेच तिचे पाय धरले, शपथ परत घेतली आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "आदी कागद बदल. मग बघू." आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, असा जबाब देऊन आले. त्यात पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. पोलीस दोन ऑक्टोबरच्या सभेआधी तुझ्याकडे येतील. वकील बघ, मी माझा बघते आहे.

तुझीच बहीण, कारण ते बदलून मिळत नाही,
सिद्धी