बिनवासाचं तेल

प्रिय खारूताई,

पत्र फाडू नकोस! पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते कचऱ्याच्या डब्यावर धरलं असशील, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकतो. तुझं बरोबर होतं. त्या तेलाला वास नव्हता, कारण ते तेलच भलतं होतं! अगं, शंभर टक्के, सहीशिक्क्यानिशी तुझं बरोबर, आणि तुझ्या बिशपमामाचं साफ चूक. आता तरी वाचशील ना? बस, खुर्ची ओढून बस. मला एवढं सांगायचंय की पेन मागे पडतंय आणि मन पुढे धावतंय. सकाळपासून तीन कागद खराब केले.

चौदा महिने झाले त्या रविवाराला. तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप तुमच्या वतीने 'हो' म्हणतात. तेच 'हो' कळत्या वयात तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणायचं आणि बिशपने तुमच्या कपाळावर सुगंधी तेलाने क्रूस काढायचा, एवढा तो दृढीकरणाचा विधी. तुम्ही त्रेचाळीस जण होतात. वीस-पंचवीस मिनिटांत मी सगळ्यांना मोकळं केलं आणि तुमच्याकडे जेवायला आलो. पानावर बसल्या बसल्या तू म्हणालीस, मामा, तेलाला वास नव्हता, आणि मला काही झालंही नाही, नुसतं तेल लावल्यासारखं वाटलं. किती साधेपणाने म्हणालीस! आणि मी काय केलं? वीस पाहुण्यांसमोर हसलो. म्हणालो, तेलाला वास आहे गं, तुझ्याच मनात श्रद्धा नाही, ज्याला घ्यायचंच नसतं त्याला कुठून मिळणार! सगळे हसले. बिशप हसला की सगळ्यांना हसावंच लागतं. तू अर्ध्या ताटावरून उठलीस, ती आजतागायत माझ्याशी बोलली नाहीस. पुढे नोकरीला दूर गेलीस, चर्चची पायरी चढेनाशी झालीस, आणि तुझी आई बिचारी भाऊ आणि लेक यांच्यात नुसती भरडली जातेय.

मी तरी कुणाच्या नाकावर शंका घेतली! सहा वर्षांची असताना तू माझ्या झग्यात नाक खुपसून जाहीर केलं होतंस, मामाला बंद कपाटाचा वास येतो. पुस्तक हातात आलं की आधी हुंगायचीस, मग उघडायचीस. दूध नासायच्या आदल्या दिवशी तुला कळायचं. आता पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तुला घेतलं, यात नवल ते काय! तुझी आई सांगत होती, यंत्राच्या आधी तू सांगतेस म्हणून साहेब चाट पडलेत. मला फार अभिमान वाटला. कळवायची मात्र हिंमत झाली नाही.

तर ऐक, हे उजेडात कसं आलं. दरवर्षी इस्टरच्या आधी जुनी तेलं काढून नवी भरतात. तुमच्या चर्चच्या मागच्या खोलीतलं सगळं आपले कारभारी बघायचे, ठाऊकच आहे तुला. वाती, वस्त्रं, तेलं, तीस वर्षं सगळं त्यांच्याच हातचं. यंदा त्यांनी कपाट रिकामं करायला घेतलं, तर गेल्या वर्षी दृढीकरणासाठी खास भरलेली डबी जशीच्या तशी, काठोकाठ! आणि आजाऱ्यांना लावायच्या साध्या तेलाची डबी निम्मी रिकामी. दोन्ही डब्या एकाच घडणीच्या, आणि कारभाऱ्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू. दोन बस बदलून म्हातारा माझ्या कार्यालयात आला, दोन्ही डब्या टेबलावर ठेवल्या आणि ढसाढसा रडला. आमच्या सचिव फादरांनी एक एक डबी नाकाशी धरली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण तेल चुकलं म्हणजे संस्कार झालाच नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जण, बाई, कोरेच्या कोरे!

सचिवांचं म्हणणं, गाजावाजा नको, एका रविवारी सगळ्यांना बोलावू, 'आशीर्वाद' म्हणू आणि उरकून टाकू. मी म्हटलं, छे! ज्याची चूक त्याने दारात जायचं. डायरीत त्रेचाळीस नावं उतरवली, तेलाची छोटी कुपी खिशात घातली आणि निघालो. गाडी दुरुस्तीला गेली होती म्हणून पहिल्या दिवशी बसने गेलो, आणि मग गाडी परत आली तरी बसच बरी वाटायला लागली. हसू नकोस, पण बावीस वर्षांनी मी बसचं तिकीट काढलं. कंडक्टरने सुट्टे नाहीत म्हणून असं काही झापलं मला की काय सांगू! मजा आली.

पहिल्यांदा गेलो ते केस कापायला शिकणाऱ्या मुलीकडे. ती एका बाईंच्या डोक्याला रंग लावत होती. मी सगळा प्रकार सांगितला, तर म्हणाली, मलाही त्या दिवशी वाटलं होतं हो, पण बिशपला कोण सांगणार! माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. हात धुऊन ती तिथेच आरशासमोर उभी राहिली, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या त्या अनोळखी बाई साक्षीदार म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी क्रूस काढल्यावर बाई म्हणाल्या, अय्या, काय सुंदर वास! मी विचारलं, कसा हो? त्यांनी विचार करून सांगितलं, नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडासारखा. मी ते डायरीत लिहून घेतलं.

मग मला ती सवयच लागली. गॅरेजात काम करणारा एक जण मोटारीखालून सरपटत बाहेर आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे फादर, डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंत की तुम्ही! कपाळ पुसायला त्याने फडकं घेतलं, ते कपाळापेक्षा काळं. शेवटी तसंच, ग्रीसवरच तेल लावलं. वास विचारला, तर म्हणे ग्रीसपुढे काय कळणार, पण आत कुठेतरी मधासारखं आहे. एक मुलगी पाय मोडून हॉस्पिटलात पडली होती. ती म्हणाली, मला आजाऱ्यांचं तेल आगाऊ लावलंत वाटतं! सगळा वॉर्ड हसला, आणि नर्सबाई मला म्हणाल्या, आवाज करायचा असेल तर बाहेर जा. जुळ्या भावांच्या घरी एक म्हणाला लिंबाची साल, दुसरा म्हणाला आजीचं कपाट, आणि दोघे तिथेच हमरीतुमरीवर आले. त्यांच्या आईने लाटणं उगारलं तेव्हा कुठे संस्कार पार पडला.

सगळीकडे असं गोडीगुलाबीने झालं असं समजू नकोस. एका वडिलांनी दारातच मला फैलावर घेतलं. आम्ही तुमच्यावर विसंबतो आणि तुम्ही डबीसुद्धा बघत नाही, म्हणाले. तासभर पायरीवर बसून मी ऐकून घेतलं. त्यांचं एकही वाक्य खोडता येण्यासारखं नव्हतं. मग आतून त्यांच्या सासूबाईंनी हाक मारली, अहो, त्यांना पाणी तरी द्या.

खारूताई, इतकी वर्षं मी प्रवचनांतून सांगत आलो की देव तुमच्या रोजच्या जगण्यात आहे. पण ते रोजचं जगणं मी पाहिलं होतं कुठे? माझ्यापुढे येतात तेव्हा लोक इस्त्रीचे कपडे घालून, रांगेत, हात जोडून येतात. या तीन महिन्यांत मी ओल्या केसांच्या, खरकट्या हातांच्या, वैतागलेल्या माणसांत जाऊन बसलो. एका घरात बाळ रडत होतं म्हणून क्रूस काढेपर्यंत ते माझ्याच मांडीवर होतं, आणि त्याने माझी अंगठी चोखून काढली. इतकी मनापासून प्रार्थना माझ्याकडून कित्येक वर्षांत झाली नव्हती. आमच्या स्वयंपाकवाल्या मावशी म्हणतात, साहेब, तुम्ही शिट्टी वाजवत घरी येता हल्ली. खरंच येतो! परवा बेचाळिसावा झाला. उरलीस एकटी तू.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. कारभाऱ्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. चाव्या तुमच्या चर्चच्या फादरांच्या टेबलावर ठेवल्या आणि घरी जाऊन बसले. लोक त्यांना पाहून रस्ता बदलतात. ते मात्र दिसेल त्याची माफी मागत सुटतात. मी त्यांच्याकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते माझ्याच पाया पडायला वाकले, आणि मला तिथे उभं राहवेना.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. तुझ्यासाठी तेल घेऊन येतो असं म्हणायला नाही. तू हवं तेव्हा माग, किंवा कधीच मागू नकोस, तो निर्णय तुझा तू घे. त्या रविवाराच्या आधी, गेल्या वर्षी जानेवारीत मला मोठा ताप आला होता ना, त्या तापाने माझं नाक पार बंद केलं. तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही. धुपाचा नाही, कॉफीचा नाही, जळलेल्या दुधाचाही नाही. मी कुणाला कळू दिलं नाही. बिशप थकले अशी कुजबुज एकदा सुरू झाली की थांबत नाही, आणि मला थकायचं नव्हतं. त्या दुपारी तू ताटावरून उठून गेलीस, तेव्हा मी माझं सामान आणायचं निमित्त करून चर्चमध्ये परत गेलो. डबी टेबलावर होती. झाकण काढून नाकाशी धरली. मला काय कळणार होतं! हातभर अंतरावर कारभारी कापडाच्या घड्या घालत उभे होते. जरा वास घेऊन बघा हो, एवढंच म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं नाही. कारण तुझं खरं निघालं असतं. मी झाकण लावलं, डबी कपाटात ठेवली आणि मूग गिळून बसलो. बेचाळीस जणांना मी सांगत आलो की मला ठाऊक नव्हतं. येत्या रविवारी तुमच्याच चर्चमध्ये, कारभाऱ्यांना पहिल्या बाकावर बसवून, मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. भीती वाटतेय, आणि इतका आनंद होतोय की विचारू नकोस! तू ये असं म्हणत नाही. पण ते लोकांच्या कानावर जाण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. मला माफ कर, बाळा. मी तुला श्रद्धा नाही म्हणून हसलो, आणि त्याच दुपारी, तासाभरात, तू खरं बोलतेस असं मला वाटून गेलं होतं.

तुझाच,
मामा