चिंपांझीची फांदी

५ जाने., सोम.

जिन्याची भिंत मंजूर झाली एकदाची. तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत माकडं आणि एप (चिंपांझी, गोरिला वगैरे) यांचा वंशवृक्ष. २६ ला झेंडावंदनाला संस्थेचे अध्यक्ष येणार, त्याआधी पुरा हवा. मोठ्या मॅडम (आमच्या मुख्याध्यापिका) म्हणाल्या, "कल्पना तुमची, जबाबदारीही तुमची." हसूनच म्हणाल्या. पुढे जोडलं, "मार्चमध्ये कायमच्या ऑर्डरी निघतील, लक्षात आहे ना." लक्षात नसायला काय झालं. तीन वर्षं कंत्राटावर काढलीत, पुनावळे ते मोशी स्कूटी हाकत.

पेंटर मोशीतलेच, किसनकाका. तीस वर्षं चाकणच्या कंपन्यांत पाट्या रंगवल्या. सुरक्षेच्या सूचना, कोणता साहेब कोणाच्या वर त्याचे तक्ते. आता सगळं फ्लेक्सवर छापून येतं, हातचं काम उरलं नाही. हा जिना जमला तर बाकीचे तीन जिनेही त्यांनाच द्यायचे ठरलंय.

ऑफ तासाला पेन्सिलने आराखडा काढून दिला. वीस मिनिटं लागली. अशी कामं मला बसल्या जागी जमतात.

८ जाने., गुरु.

कपाळाला हात. काकांनी खडूची दोरी मारून चौकटी आखल्या आणि रंगवूनसुद्धा टाकलं. सगळ्यांत वर मधोमध माणूस, सोनेरी चौकटीत. खाली चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान. त्याखाली माकडं पाच-पाचच्या ओळीत, तळाला लेमूर. गिबन एका बाजूला एकटाच.

"काका, हे काय केलंत?"

"तक्ता. वर एमडी, मंग प्लांट हेड, मंग सुपरवायझर, खाली कामगार. तुमच्या झाडात साहेब कोण त्येच कळंना, म्हनून सरळ करून घेतलं."

"आणि गिबन?"

"त्यो एचआर."

मी पायरीवर बसून हसले. नेमक्या तेव्हाच मोठ्या मॅडम वरून उतरल्या. त्या नाही हसल्या. "कागदावर काढून देऊनही हे?" सगळा वर्ग रांगेत उभा होता, त्याच्यासमोर. काकांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

१० जाने., शनि.

शाळा सुटल्यावर काकांना समजावत बसले. म्हटलं, यात वर-खाली कोणी नाही. आज जिवंत असलेले सगळे फांद्यांच्या टोकाला. कोण कोणापासून कधी वेगळं निघालं, एवढंच दाखवायचं.

"म्हंजी भावकी."

दहावी ब ला हे सांगायला मला दोन तास लागतात.

मग रंगात आले मी. अमेरिकेतली माकडं आधी वेगळी निघाली. उरलेल्यांत पुढे दोन फांद्या झाल्या, एकीवर आपलं लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचा वानर, दुसरीवर बिनशेपटीचे एप. म्हणजे आपला वानर त्या अमेरिकेतल्या माकडापेक्षा आपल्याला जवळचा.

"दोघास्नी शेपटी हाय तरी?"

"तरी."

"व्हय, बराबर हाय. तोंडावळ्यावर काय जातंय. आमच्या आळीत एक जण हुबेहूब भोसरीच्या पाव्हण्यावानी दिसतो, म्हनून काय त्यांच्यातला झाला? खापरपणजा कोण त्ये बघायचं."

एवढं बोलून ब्रश आराखड्यातल्या चिंपांझीवर ठेवला. "बाई, ह्यो गोरिलाच्या घरात का दावलाय? आन् माणूस लांब, येगळाच. ह्याचा हात रंगवताना मला माझाच हात दिसतोय. त्यो आपल्याच घरातला न्हाई व्हय?"

मला सराव परीक्षेचे पेपर तपासायचे होते, स्कूटी पंक्चर होती, उशीर झाला होता. "कागदावर आहे तसंच काढा काका. मी कॉलेजात शिकलेय हे."

"बरं," म्हणाले.

१४ जाने., बुध.

संक्रांत. भिंत पूर्ण. खरंच देखणी झालीय, फांद्यांना कुठे तुटकपणा नाही, वानराच्या शेपटीला असा बाक दिलाय की बघत राहावं. खाली कोपऱ्यात 'किसन पेंटर, मोशी'. स्टाफने तिळगूळ वाटत भिंतीपुढे फोटो काढले. सगळे मला शाबासकी देत होते आणि मला मात्र काहीतरी टोचत होतं. घरी येऊन आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. काय टोचतंय ते हाती लागेना.

१९ जाने., सोम.

हाती लागलं. श्रावणी, दहावी ब मधली, वाचनालयातून पुस्तक घेऊन आली. "मॅडम, यात चिंपांझी माणसाच्या शेजारी आहे आणि गोरिला त्यांच्या आधी वेगळा निघालाय. भिंतीवर चिंपांझी गोरिलाच्या फांदीवर आहे. कोणतं बरोबर?"

"बघून सांगते," म्हटलं.

ऑफ तासात मोबाइलवर बघितलं, लॅबमधली नवी पुस्तकं काढली. सगळीकडे तेच. आधी गिबन वेगळे निघाले, मग ओरांगउटान, मग गोरिला, आणि उरले ते चिंपांझी आणि आपण, एका फांदीचे. माझ्या बी.एस्सी.च्या वह्यांत जुनी मांडणी होती, मोठे एप सगळे एका घरात आणि माणूस स्वतंत्र बंगल्यात. ती मोडून किती वर्षं झाली. मी ती उराशी धरून पोरांना शिकवत आले आणि भिंतीवर चढवली. एक साधं पुस्तक उघडून बघायचं सुचलं नाही मला. कारण मला येतं. मला सगळंच येतं.

खुर्चीत बसवेना. लॅबमधल्या बाटल्या पुसल्या, लेबलं सरळ केली, परत वाकडी दिसायला लागली.

२० जाने., मंगळ.

श्रावणीने मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी वर्गशिक्षकांना, दुपारपर्यंत मोठ्या मॅडमकडे.

"पुन्हा त्या पेंटरने घोळ घातला ना?"

मी "हं" म्हटलं.

"हो" नाही म्हटलं. हं. त्यांना पाहिजे तो अर्थ त्यांनी घेतला, आणि मी घेऊ दिला. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? "नाही मॅडम, आराखडा माझा." चार शब्द. मार्च डोळ्यांपुढे आला आणि चार शब्द गिळले.

२१ जाने., बुध.

काकांना बोलावणं गेलं. मीही तिथेच, हजेरीपटात डोकं घालून. कोणाची हजेरी बघत होते देव जाणे.

मॅडम म्हणाल्या, "दोनदा चूक म्हणजे कमाल झाली. मुलांनी काय शिकायचं यावरून? दुरुस्त करा, नाव पुसा, आणि बाकीच्या जिन्यांचं विसरा."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाले, "दुरुस्त करतो. नावाचं तुमी म्हनाल तसं."

मी हजेरीपटाचं पान उलटलं.

२२ जाने., गुरु.

सकाळी चहा घेताना नवऱ्याला, संदीपला, सगळं सांगितलं. तो चाकणला, कंपनीत क्वालिटीला. म्हणाला, "अगं, आमच्याकडे रोज होतं. पार्ट रिजेक्ट झाला की फॉर्म भरायचा. का झालं, का झालं, पाच वेळा का विचारायचं आणि शेवटी लिहायचं, ऑपरेटरची चूक, ट्रेनिंग दिलं. ऑपरेटरची सही. फॉर्म बंद."

"आणि ड्रॉइंगच चुकलं असेल तर?"

"डिझाइनवाले कधी कबूल करतात काय?" बिस्कीट चहात बुडवलं. "मार्च जाऊ दे. ऑर्डर हातात आली की सांग हवं तर."

त्याच्यावर उगाच तडकले. डबा न घेताच कंपनीची बस पकडायला गेला बिचारा. तो जे बोलला ते माझ्याच मनात होतं, राग त्याचा आला.

२४ जाने., शनि.

काकांचं काम संपलं. चिंपांझी आता माणसाशेजारी, गोरिलाची फांदी खाली सरकवलीय. जुन्या रंगाचा मागमूस नाही. कोपऱ्यात नावाच्या जागी पांढरा पट्टा.

ब्रश धुऊन झाल्यावर पिशवीतून चौपदरी घडी काढली. माझा आराखडा. माझी पेन्सिल, माझं अक्षर, खाली माझी सही आणि तारीख. चिंपांझी गोरिलाच्या घरात.

"ह्यो तुमचा कागद. माझ्याकडं नको. उद्या कुणी इचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाई."

"काका, मी…"

"मी इचारलं व्हतं, बाई."

"हो."

"तेवढंच." डबे उचलले आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जिन्यातच उभी राहिले कितीतरी वेळ, शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा हलले.

२६ जाने., सोम.

झेंडावंदन. अध्यक्ष पायरी पायरी चढत भिंत बघत गेले. "वा. कोणाचं काम?" मोठ्या मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या विज्ञानाच्या मॅडम." टाळ्या. मी नमस्कार केला. नमस्कारसुद्धा केला मी.

मुलं पांगल्यावर श्रावणी आली, डोळे भरलेले. "मॅडम, मी पुस्तक दाखवलं नसतं तर काकांचं काम गेलं नसतं ना? ते आमच्या शेजारच्या गल्लीत राहतात. आई म्हणते, कशाला नाक खुपसलंस."

तिला म्हटलं, तू बरोबर केलंस. "मग काकांनी मुद्दाम चुकीचं काढलं का?" म्हटलं, नाही. "मग?"

त्या "मग"वर मी तिला घरी जायला सांगितलं. पंधरा वर्षांची पोर, रात्रंदिवस हे मनात घेऊन फिरतेय, आणि पुढच्या वेळी चूक दिसली तर बोलणार नाही. हे मी शिकवलं तिला.

दिवसभर घरात येरझाऱ्या. संदीप म्हणाला, बस जरा. बसले आणि उठले.

२७ जाने., मंगळ.

मधल्या सुट्टीत मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले. कागद उघडून टेबलावर ठेवला. म्हटलं, आराखडा माझा. काकांनी विचारलंही होतं, मीच म्हटलं असंच काढा. नाव परत लिहायला हवं, आणि जिने त्यांचे त्यांना.

त्यांनी चष्मा लावला, पूर्ण बघितला. सही बघितली. मग घडी घातली, जुन्याच घडीवर, आणि माझ्याकडे सरकवला.

"अध्यक्षांनी काल तुमचं नाव लिहून घेतलंय. मी आता त्यांना फोन करून काय सांगू, की विज्ञानाच्या बाईंनाच येत नव्हतं?" आवाज चढवला नाही. उलट मऊच होता. "हा कागद मी बघितलेला नाही. घरी जा, विचार करा. उद्या पुन्हा आणलात तर बघेन. मग मात्र जे करायचं ते करावं लागेल मला."

मी कागद उचलला आणि बाहेर आले.

खरं ते लिहिते, इथे तरी. जिना उतरताना हायसं वाटलं. सांगून टाकलं म्हणून नव्हे, त्यांनी कागद परत दिला म्हणून. चांगला मोकळा श्वास घेतला मी, त्या पांढऱ्या पट्ट्याशेजारी उभी राहून.

उद्या पहिला तास दहावी ब.