शिवराजच्या हातांची जागा

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१४ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सोनियाचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर दोघींनी एकमेकींवर ओरडण्यापेक्षा हे बरं, असं तू लिहिलंस ते पटलं. तुला ऐकू येत नाही आणि मला बोलावंसं वाटत नाही, तेव्हा पत्र दोघींच्याही सोयीचं.

इकडं सगळं ठीक आहे. मी लॅबला जाते. सकाळी रांग लागलेली असते, एकेकजण हात पुढं करतो, मी रक्त काढते आणि कापूस दाबून धरायला सांगते. चूक होत नाही. डॉक्टर म्हणाले, शिवराज गेल्यापासून तुमची सुई जास्तच हलकी झाली, पेशंट तुम्हालाच मागतात. घरी येते, कुकर लावते. भाजीत मीठ पडलं की नाही ते अमृताच्या तोंडाकडं बघून कळतं. मला चवीनं कळत नाही.

रविवारी भक्तीला मिटमिट्याकडच्या त्या हॉललाच जाते. शिवराज नाही तर तिथं कशाला, छावणीतलं जुनं चर्च जवळ आहे, असं तू विचारलंस. कारण काही नाही. स्कूटीला तिकडची सवय आहे. तू एकदाच आली होतीस आणि ड्रमच्या आवाजानं डोकं दुखलं म्हणून बाहेर चपलांपाशी जाऊन बसली होतीस. तेव्हा तुला ऐकू येत होतं.

गाणी सुरू झाली की शिवराज दोन्ही हात वर करायचा, तेही नुसते वर नाहीत, चांगले पसरून. शेजारची माणसं सवयीनं एकेक खुर्ची सोडून उभी राहायची. मीसुद्धा त्याच्या डावीकडं एक खुर्ची सोडूनच, हात पोटापाशी जोडून, तू शिकवलेस तसे. तो जाऊन सात महिने झाले, पण लोक अजून ती जागा सोडतात. नवीन माणूस तिथं उभा राहिला तर कुणीतरी त्याला खांद्याला धरून हळूच बाजूला सरकवतं. मी त्या रिकाम्या जागेशेजारी उभी असते. सगळ्यांचे हात वर असतात. मला रडू येत नाही आणि हातही वर जात नाहीत.

लिहायचं कारण अमृता आहे. ती स्टेजवर कीबोर्ड वाजवते, तिला तिथून सगळा हॉल दिसतो. मागच्या रविवारी जेवताना म्हणाली, एवढ्या माणसांत तू एकटी गोठल्यासारखी उभी असतेस. पप्पांचं गाणं मी मुद्दाम वाजवलं, तुझी पापणीसुद्धा हलली नाही. मग म्हणाली, पप्पा गेले त्याचं तुला काही वाटलंच नाही, मातीच्या दिवशीही तू लोकांना चहा मिळाला का विचारत फिरत होतीस. मी तिला म्हटलं, पोळी घे.

तेव्हापासून ती डब्यात काय आहे एवढंच विचारते. अकरावी झाली की पुण्याला शिवराजच्या बहिणीकडं जाणार आणि तिकडंच राहणार, असं मैत्रिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं. ती गेली तर मला कुणी नाही, हे मला समजतं. समजतं, पण आत काही होत नाही. म्हणून तुला लिहिलं.

तब्येत जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सोनिया


लासूर स्टेशन
२५ सप्टेंबर २०२५

चि. सोनियास,
आईचे अनेक आशीर्वाद, अमृताला गोड पापा. वि. वि.

पत्र वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मी बरी हाय. कान आता दोन्ही गेले. गाडी आलेली ऐकू येत नाय, पण घर स्टेशनाला लागून, फरशी हादरती आणि तळपायाला कळतं. अनवाणी बसलं की मालगाडी कोणती न् पॅसेंजर कोणती तेबी ओळखते. शेजारची आशाबाई म्हणती, लीलाबाईनं कान पायात नेऊन ठेवले.

हात वर करायचं मला पयल्यापासून पटलं नाय, तुला ठावं हाय. आपल्या देवळात, तुम्ही ज्याला चर्च म्हणता तिथं, हात वर करतात ते एकटे पाळकसाहेब, उपासनेच्या शेवटी, आशीर्वाद देताना. बाकीच्यांनी मान खाली घालायची. तुझे बाबा म्हणायचे, आपण घ्यायला आलोय, देणाऱ्यासारखे हात काय करायचे.

आणि जावई आम्हाला असा मिळाला. लग्नानंतर पयल्यांदा लासूरला आला, भजन सुरू झालं आणि यानं पसरले हात. शेजारी अप्पाराव मास्तर. त्यांचा चष्मा उडाला तो थेट बायकांच्या सतरंजीवर. मी लाजेनं अर्धी झाले. पुढच्या खेपेला शिवराजनं मास्तरांसाठी चष्म्याची दोरी आणली, स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात घातली, आणि भजन सुरू झाल्यावर परत हात पसरले. मास्तर ती दोरी शेवटपर्यंत घालत होते. आता लोक त्याची जागा सोडतात म्हणतेस. ते वाचून मी पत्र जरा वेळ खाली ठेवलं.

अमृताचं बोलणं मनावर घेऊ नको. पोरीला रडायला जोडीदार पायजे होता, तू चहाच्या मागं लागलीस. तुझाबी दोष नाय. तुमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाय, म्हणून काय नळ खोटा म्हणायचा व्हय? तू आपली भांडी घासून तयार ठेव.

जेवत जा. माझी आठवण आली की लिही, नाय आली तरी लिही.

आई


पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सप्रेम सलाम वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत येईन म्हणाले आणि आले नाही, रागावू नकोस. नळाला काल पाणी आलं, आठव्या नाही, दहाव्या दिवशी. तुझी आठवण झाली.

परवा पास्टर सत्यम घरी आले होते. पोरसवदा आहेत, पण माणूस चांगला. फेब्रुवारीत शिवराजला वर्ष होईल, तेव्हा आठ तारखेच्या भक्तीत त्याची आठवण करायची असं ठरलंय. अमृतानं त्याचं गाणं वाजवायचं आणि मी पुढं येऊन हात वर करून उभं राहायचं, मग सगळी मंडळी हात वर करतील. माझ्याकडं बघून ते म्हणाले, ताई, जमलं तरच, जबरदस्ती नाही. अमृता दारात उभी होती. कित्येक आठवड्यांत तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

ती क्लासला गेल्यावर मी कपाटाच्या आरशासमोर हात वर करून बघितले. वरच्या फळीवरचा डबा काढणारी बाई दिसली. थोडे पसरले, तर वाळत घातलेली चादर धरल्यासारखं दिसलं. मग कुकरची शिट्टी झाली.

आई, माझी अडचण अशी आहे. हात खाली ठेवले तर अमृता म्हणेल, आजच्या दिवशीसुद्धा आईला काही वाटलं नाही, आणि ती पुण्याला जाईल. हात वर केले तर तिला कळेल, ते तिला दाखवायला केले. लहानपणापासून तिनं शिवराजचे हात बघितलेत, खरं कसं असतं ते तिला पाठ आहे. आणि देवासमोर खोटं करायचं ते वेगळंच. तू काय करशील ते लिही. तुला हात वर करणं पटत नाही हे ठाऊक असून विचारते.

उत्तराची वाट बघते. लोभाची मला गरज आहे.

सोनिया


लासूर स्टेशन
१० डिसेंबर २०२५

चि. सोनियास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझी आई गावात बदनाम झालीय.

आपल्या देवळाची वार्षिक सभा झाली. इथली तरणी पोरं तुमच्यासारख्या हॉलमध्ये जाऊन येतात आणि इथंबी हात वर करायला लागलीत. म्हणून देवळाच्या कमिटीतल्या काकासाहेबांनी ठराव मांडला, की उपासनेत कुणी हात वर करायचे नाहीत. मग म्हणाले, ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा. झालं. सगळी म्हातारी मंडळी देवळात हात वर करून बसली, आणि पोरं बिचारी हात मांडीवर ठेवून, अगदी शहाण्यासारखी. पाळकसाहेबांना हसू आवरेना, त्यांनी तोंडापुढं रुमाल धरला. नंतर ठराव नको असणाऱ्यांचे हात मोजले. त्यात माझाबी हात वर. एका मतानं ठराव पडला.

काकासाहेबांनी कागदावर लिहून दाखवलं, लीलाबाई, ऐकू न आल्यामुळं चुकून केला का? मी म्हटलं, मोजला तर मोजला. आता बाजारात बायका माझ्या कानात ओरडून त्यावरनं बोलतात. मला कुठं काय ऐकू येतंय.

आता तुझं. आपण देवळात गुडघे टेकतो ते दरवेळी मनात भक्ती दाटते म्हणून काय? पुस्तकात लिहिलंय इथं गुडघे टेका, म्हणून टेकतो. तुझे बाबा गेले त्या वर्षी मी दर रविवारी गुडघे टेकले. मनात काय होतं म्हणशील तर वरण उतू जाईल का एवढंच. मी कुणाला फसवत नव्हते. गुडघे तेवढे तिथं नेऊन ठेवत होते. हाताचंबी तसंच समज. गेला वर तर जाऊ दे, नाय गेला तर राहू दे. खरं किती न् खोटं किती, ते तुझ्या लॅबमधल्यासारखं तपासत बसू नको.

आठ तारखेला मी येते. या खेपेला चपलांपाशी नाय, आत उभी राहणार.

नाताळाच्या करंज्या पाठवते, जास्त झाल्या तर शेजारी दे. नातीला माझा मुका, ती नको म्हणाली तरी.

आई


पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१० फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
सप्रेम सलाम वि. वि.

काल तुला गाडीत बसवून दिलं. रविवारी हॉलमध्ये काय काय झालं ते तुला ऐकू आलं नसेल आणि घरी पाहुण्यांत सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते.

तू अनवाणी आत आलीस आणि सरळ शिवराजच्या जागेत जाऊन उभी राहिलीस. शेजारच्या खुर्चीपाशी उभे असलेले एक गृहस्थ तुला सरकवायला पुढं आले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागं झाले. पास्टर सत्यमनी मला पुढं बोलावलं. मी मानेनंच नाही म्हटलं. ते हसले, आग्रह केला नाही. अमृतानं कीबोर्डवर मान खाली घातली.

गाणं सुरू झालं, हात वर गेले. माझे जोडलेलेच. तू इकडंतिकडं बघितलंस, डोळे मिटलेस आणि उजवा हात वर केलास. एकच, कोपर सरळ, सभेत मत देतात तसा. मला वाटलं, काकासाहेब इथं असायला हवे होते.

मग गाणं संपलं. ड्रम थांबला, हात खाली आले, खुर्च्या सरकल्या, सगळे बसले. तू उभीच. डोळे मिटलेले, हात वर. पास्टर माइक धरून थांबले. मागच्या रांगेतलं कुणाचं तरी लेकरू आईला विचारत होतं, त्या आजीला काय विचारायचंय.

मी तुझा हात खाली घ्यायला दंडाला धरलं. रोज किती दंड धरते. तुझा काही खाली येईना. सगळा हॉल बसलेला आणि त्यात तू एकटीच हात वर करून. ते मला बघवेना. मी उभी राहिले आणि माझा हात वर केला. एकाच हातानं शाळेत उभं केल्यासारखं वाटायला लागलं म्हणून दुसराही केला. देवासाठी नाही, शिवराजसाठी नाही, अमृतासाठीही नाही. आई एकटी दिसू नये म्हणून. स्टेजकडं मी बघितलं नाही.

थोड्या वेळानं नुसता कीबोर्ड वाजायला लागला. तेच गाणं, पुन्हा पहिल्यापासून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलाच सूर चुकला, ती कधी चुकत नाही. मग एकेकजण पुन्हा उठून उभा राहिला.

आई, मला काही वाटलं नाही. देव जवळ आला असं नाही, शिवराज दिसला असंही नाही. हात तेवढे दुखायला लागले, खांद्यापासून कोपरापर्यंत. दुखतंय हे मला नीट कळत होतं. मी ते खाली घेतले नाहीत.

काल तुला सोडून आल्यावर अमृतानं भाजी केली. जेवताना विचारलं, आजीला गाणं संपलेलं कळलंच नाही ना. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, म्हणून तू हात वर केलेस. मी म्हटलं, हो. ती आधी हसली, मग रडायला लागली, ती बराच वेळ, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मला नाही आलं रडू. पण ओला झालेला ड्रेस बदलावासा वाटला नाही, तशीच झोपले. पुण्याचं ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

भाजीत मीठ जास्त झालं होतं. तिनं सांगायच्या आधी मला कळलं.

पोचल्याचं लिही. अमृता सलाम सांगते, तिनं स्वतः सांगितलाय, मी घातलेला नाही.

सोनिया


लासूर स्टेशन
१७ फेब्रुवारी २०२६

चि. सोनियास,
अनेक आशीर्वाद, नातीच्या सलामाला सलाम. वि. वि.

सुखरूप पोचले. जागा मिळाली, खिडकीची.

एक गोष्ट सांगते, अमृताला एवढ्यात सांगू नको. तुमच्या हॉलच्या फरशीला आमच्या स्टेशनाच्या फरशीपेक्षा जास्त कंप हाय. ड्रम थांबला तसं माझ्या तळपायाला कळलं. खुर्च्या सरकल्या तेबी कळलं. सगळे बसलेत हे मला ठाऊक होतं. लई अवघड गेलं, हात जड झाला, आणि मनात आलं, ही पोरगी मला खाली ओढून बसवती काय. तुझी बोटं दंडावर आली तेव्हा तर मी आशाच सोडली होती. मग ती सुटली. मी एक डोळा किलकिला करून बघितलं.

त्या सभेतल्या हाताबद्दल आता तू विचारशील. नको विचारू. काकासाहेब पुढच्या वर्षी पुन्हा ठराव आणणार म्हणतात. आणू दे.

हात दुखत असतील तर तिळाचं तेल कोमट करून चोळून घे. स्वतः चोळू नको, अमृताला सांग. रोज सांग, उन्हाळाभर.

तुमची माया आधी एकमेकींना पुरवा, उरली तर इकडं पाठवा.

आई