ग्यास म्हण

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण घरात तुमचा शब्द अजून रोज ऐकू येतो. ग्यास. तुम्ही एसटीत कंडक्टर, अहेरी-सिरोंचा तुमची नेहमीची गाडी, आणि तिकिटांच्या पेटीत ओवा नि काळ्या मिठाचा डबा. खड्ड्यांनी कुणाला मळमळलं, तर ग्यास. डोकं दुखलं, तर ग्यास वर चढला. गुडघा दुखला, तर खाली उतरला. एका तेलुगू म्हातारीने दाढ दुखते म्हणून गालावर हात धरला, तर तोच हात खाली ओढून तुम्ही त्यावर ओवा ठेवलात. तुमच्या हिशेबाने माणसात हाडं-मांस थोडं आणि बाकी सगळा ग्यासच होता.

तुमच्या ड्रायव्हरचं आठवतं ना? त्याला डांबरासारखं काळं शौचाला होत होतं, उभं राहिलं की चक्कर. तुम्ही म्हणालात, "पालक खाल्ला असशीन. ओवा घे, ग्यास हाय." त्याच्या बायकोने तो ओवा तुमच्याच खिशात परत टाकला आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं. पोटातल्या जखमेतून रक्त वाहत होतं. रक्ताच्या बाटल्या लागल्या, तो ठणठणीत होऊन परत आला, तेव्हा तुम्ही आम्हाला समजावलंत, "रक्तात शिरला होता ग्यास." तुमच्याशी वाद घालण्यात काही अर्थच नव्हता.

मग तुमची ती सकाळ. तुम्ही स्वयंपाकघरात चहा पिताय. डाव्या हातातली बशी खाली पडते. काय झालं विचारलं तर तुम्ही ग्यास म्हणायला जाता आणि तोंडातून निघतं, "द्याश हाय." आम्ही सगळे हसतो, तुम्हीही हसता, अर्ध्याच तोंडाने. आईने ओव्याचं पाणी पाजलं, ते ठसक्यासरशी बाहेर आलं. लकव्याला आपल्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात. तुम्हाला वाटलं, आतलंच वारं आहे, निघून जाईल. दुपारपर्यंत आपण त्याच्या निघून जाण्याची वाट पाहिली. नंतर तुम्ही नीट बोललाच नाहीत. त्या दुपारचा मला अजून राग येतो, बाबा, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

गेल्या महिन्यात आई अंबाडी निवडत बसली होती. जुडी हातातून गळाली.

"आई, काय झालं?"

"काई नाई. द्याश हाय."

आपल्या घरात तो शब्द इतका घोटलेला आहे की तो कुणाचाच चुकत नाही. आई चांगल्या हाताने ओव्याच्या डब्याकडे बोट दाखवून डोळे वटारत होती. मी डबा उचलून फळीवर ठेवला आणि गाडी बोलावली. वाटेत लोहखनिजाच्या ट्रकांची रांग. मी ॲम्ब्युलन्सचा पत्रा बडवत होते, "जाऊ दे, जाऊ दे!" ड्रायव्हर म्हणाला, "बाई, हे एसटी नाई."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून देता आलं, पोटात काही पाजलं नाहीत तेही बरं केलंत. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी थांबायचं नाही. "पण तुमच्या लक्षात कसं आलं?"

"तिला ग्यास म्हणता येईना," मी म्हटलं. त्यांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं.

काही दिवसांनी त्यांनी आईला विचारलं, "आजी, काय त्रास आहे?" आणि आई सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ग्यास!" स्वच्छ, तुमच्याच सुरात. मी हुंदके देऊन रडले. डॉक्टरांना वाटलं, मला तिचं निदान पटलं नाही.

आता रोज चहाआधी मी म्हणते, "आई, ग्यास म्हण." ती वैतागते, "काऊन वं, रोज रोज काऊन म्हणू?" आणि म्हणते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून घडी करून तुमच्या डब्याखाली ठेवते आहे. हो, डबा फेकलेला नाही. जेवण जड झालं की मीही चिमूटभर घेते. फक्त त्याआधी आरशासमोर उभी राहून दोन्ही हात वर करते, हसून बघते आणि मोठ्याने म्हणते, ग्यास.